स्वर जोडणारे हात

प्रस्तावना

रेडिओ, दूरदर्शन संच, भ्रमणध्वनी अशी कितीतरी इलेक्ट्रॉनिक उपकरणे आपण रोज हाताळतो. त्यांचे झाकण उघडून आत डोकावण्याचे धाडस मात्र फार थोडे जण करतात. काही माणसे याच्याही पुढे जातात आणि बाजारात तयार मिळणारे वाद्य स्वतःच्या हाताने जोडतात. सिंथेसायझर म्हणजे विजेच्या साहाय्याने ध्वनी घडवणारे वाद्य. ते घरी कसे जोडतात, त्यासाठी हौशी मंडळींची मदत कशी होते आणि या खटाटोपाचा आपल्या संगीताशी काय संबंध आहे, याची माहिती या पाठात दिली आहे.

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर तुम्ही :
- इलेक्ट्रॉनिक वाद्यात ध्वनी कसा निर्माण होतो हे सांगू शकाल;
- स्वर आणि कंपसंख्या यांचा संबंध स्पष्ट करू शकाल;
- तांत्रिक अडचण नेमक्या शब्दांत मांडू शकाल;
- सूचनापर लेखनातील विध्यर्थी क्रियापदांचा वापर ओळखू शकाल.

मूळ पाठ

१. लाल किल्ल्यासमोरचा बाजार

दिल्लीत लाल किल्ल्यासमोर, चांदणी चौकाच्या तोंडाशी लाजपतराय मार्केट आहे. फाळणीनंतर विस्थापित होऊन आलेल्या कुटुंबांना उपजीविकेसाठी येथे गाळे मिळाले. पुढे हा बाजार विजेच्या आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी प्रसिद्ध झाला. अरुंद गल्ल्यांतल्या छोट्या दुकानांत रोधक, धारित्रे, आयसी, तारा, बटणे आणि ध्वनिक्षेपक असे सुटे भाग मिळतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत जे दृश्य दिसते, तेच येथेही दिसते. दुरुस्तीचा व्यवसाय करणारा कारागीर, अभियांत्रिकीचा विद्यार्थी आणि केवळ हौसेपोटी आलेला नोकरदार असे तिघे एकाच फळीपाशी उभे असतात.

याच दिल्लीत १९६९ साली 'इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू' हे इंग्रजी मासिक सुरू झाले. परदेशी मासिके महाग होती आणि त्यांत सांगितलेले सुटे भाग येथे मिळतीलच असे नव्हते. अशा काळात येथील बाजारात मिळणाऱ्या भागांतून काय जोडता येईल, हे या मासिकाने दाखवले. वाचकांनी पाठवलेले परिपथ त्यात छापले जात. एका गावातील वाचकाने केलेला प्रयोग दुसऱ्या गावातील वाचक करून पाही. त्यातील उणीव कळवी, सुधारणा सुचवी. एकमेकांना कधीही न भेटलेल्या माणसांचे असे एक मंडळच तयार झाले. बाजाराने वस्तू दिली आणि मंडळाने ज्ञान दिले. हौशी माणसाला दोन्हींची गरज असते.

२. हौशी मंडळींनी घडवलेले वाद्य

सिंथेसायझरचा इतिहासही अशाच हौशी मंडळींपासून सुरू होतो. रशियन शास्त्रज्ञ लेव तेर्मेन याने सुमारे १९२० मध्ये 'थेरेमिन' हे वाद्य तयार केले. वादक त्याला स्पर्श करत नाही. हात केवळ जवळ वा दूर नेल्याने त्याचा स्वर बदलतो. अमेरिकेतील रॉबर्ट मूग या मुलाला शाळकरी वयातच या वाद्याने वेड लावले. १९५४ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, थेरेमिन कसे जोडावे यावर त्याने एका मासिकात लेख लिहिला. वडिलांच्या मदतीने तो हे वाद्य आणि त्याचे सुटे संच विकू लागला. दहा वर्षांनी, १९६४ मध्ये, संगीतकार हर्बर्ट डॉइच यांच्या सहकार्याने त्याने आपला पहिला सिंथेसायझर घडवला. पुढे अमेरिकेत आणि युरोपात मासिकांतील आकृत्या पाहून सिंथेसायझर जोडणाऱ्यांची संख्या वाढत गेली.

मूग यांचे यंत्र लवकरच भारतातही आले. १९६९ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी इलेक्ट्रॉनिक संगीताचा कक्ष उभारला. गीता साराभाई, एस. सी. शर्मा, आय. एस. माथुर, अतुल देसाई आणि जिनराज जोशीपुरा यांनी तेथे रचना केल्या. त्यांच्या ध्वनिफिती अनेक वर्षे संस्थेच्या संग्रहात पडून होत्या. त्यांतील निवडक रचना २०२३ मध्ये प्रसिद्ध झाल्या, तेव्हा आपल्या देशातील या प्रयोगांची नव्याने ओळख झाली.

असे यंत्र त्या काळी एखाद्या संस्थेलाच परवडणारे होते. सामान्य माणसाच्या आवाक्यात आले ते त्याचे तत्त्व आणि स्वस्त आयसी. 'सिग्नेटिक्स' या कंपनीसाठी हान्स कॅमेन्झिंड यांनी रचलेली ५५५ क्रमांकाची आयसी १९७२ मध्ये बाजारात आली. आठ पायांची ही चिमुकली वस्तू आजही शिकाऊ माणसाची पहिली सोबती आहे.

> पाठगत प्रश्न १
> (अ) रिकाम्या जागा भरा.
> १. 'इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू' हे मासिक दिल्लीत ______ साली सुरू झाले.
> २. ______ हे वाद्य स्पर्श न करता वाजवतात.
> (आ) एका वाक्यात उत्तर लिहा.
> हौशी माणसाला कोणत्या दोन गोष्टींची गरज असते?

३. विजेतून स्वर कसा निघतो?

तंबोऱ्याची तार छेडली की ती थरथरते, हवा हलते आणि नाद ऐकू येतो. तार एका सेकंदात जितक्या वेळा कंप पावते, त्या संख्येला कंपसंख्या म्हणतात. ती हर्ट्झ या एककात मोजतात. कंपसंख्या वाढली की स्वर चढतो, कमी झाली की उतरतो.

इलेक्ट्रॉनिक वाद्यात तारेचे काम आंदोलक करतो. धारित्र म्हणजे विजेचा छोटा हौद आणि रोधक म्हणजे त्याच्या वाटेवरची अरुंद नळी, अशी कल्पना करावी. हौद विशिष्ट पातळीपर्यंत भरला की ५५५ आयसी त्याचे तोंड उघडते. पातळी खाली गेली की तोंड बंद होऊन हौद पुन्हा भरू लागतो. ही भरती-ओहोटी सेकंदाला दोनशे-तीनशे वेळा झाली की ध्वनिक्षेपकाचा पडदा त्याच गतीने हलतो आणि स्वर ऐकू येतो. नळी अरुंद केली, म्हणजे रोध वाढवला, की हौद सावकाश भरतो व स्वर उतरतो.

मात्र केवळ आंदोलकाचा नाद कर्कश वाटतो. म्हणून सिंथेसायझरमध्ये आणखी तीन भाग असतात. गाळणी नादातील तीक्ष्ण अंश कमी करते. वर्धक आवाज मोठा करतो. नाद किती वेगाने उमटावा, किती वेळ टिकावा आणि कसा विरावा हे चौथा भाग ठरवतो. त्याला आवरण म्हणतात. तबल्याची थाप क्षणात उमटते आणि विरते. सारंगीचा स्वर गज फिरत असेतोवर टिकतो. दोन्ही वाद्यांचा स्वर एकच असला तरी कान त्यांना वेगळे ओळखतो, याचे एक कारण हे आवरणच होय.

४. आठ पट्ट्यांचे पहिले वाद्य

नवशिक्याने पहिल्याच प्रयत्नात मोठे यंत्र हाती घेऊ नये. एका सप्तकाचे वाद्य पुरेसे असते. त्यासाठी ५५५ आयसी, ०.१ मायक्रोफॅरडचे धारित्र, काही रोधक, आठ बटणे, लहान ध्वनिक्षेपक आणि ९ व्होल्टची बॅटरी एवढे साहित्य लागते. घरातील विजेच्या जोडणीचा वापर या कामी मुळीच करू नये.

आयसीची सातवी पिन आणि बॅटरीचे धन टोक यांच्यामध्ये १० किलोओहमचा रोधक जोडावा. दुसरी व सहावी पिन एकत्र करून त्यांच्यापासून रोधकांची साखळी सुरू करावी. साखळीच्या प्रत्येक सांध्यावर एक बटण बसवावे आणि सर्व बटणांची दुसरी टोके सातव्या पिनेला जोडावीत. ज्या सांध्याचे बटण दाबले जाईल, तेथपर्यंतचा रोध कामी येतो आणि त्याप्रमाणे स्वर ठरतो. षड्ज २४० हर्ट्झ मानला तर हिशेब पुढीलप्रमाणे येतो.

| स्वर | षड्जाशी प्रमाण | कंपसंख्या (हर्ट्झ) | साखळीतील एकूण रोध (किलोओहम) |
|---|---|---|---|
| तार सा | २ : १ | ४८० | १० |
| नी | १५ : ८ | ४५० | ११ |
| ध | ५ : ३ | ४०० | १३ |
| प | ३ : २ | ३६० | १५ |
| म | ४ : ३ | ३२० | १७.५ |
| ग | ५ : ४ | ३०० | १९ |
| रे | ९ : ८ | २७० | २१.६७ |
| सा | १ : १ | २४० | २५ |

हा हिशेब कागदावर सरळ दिसतो. प्रत्यक्षात अडचण येते. सोनेरी पट्टा असलेल्या सामान्य रोधकाचे मूल्य छापील आकड्यापेक्षा पाच टक्क्यांपर्यंत कमी-जास्त असू शकते. हार्मोनियमच्या लगतच्या दोन पट्ट्यांच्या कंपसंख्येतील फरक सुमारे सहा टक्के असतो. म्हणजे रोधकातील मान्य चूकही स्वराला जवळजवळ शेजारच्या पट्टीवर नेऊन ठेवू शकते. म्हणून साखळीच्या प्रत्येक दुव्यात फिरवून कमी-जास्त करता येणारा छोटा रोधक घालतात आणि कानाने स्वर लावतात. स्वर लावण्यास तार षड्जापासून आरंभ करावा. कारण त्याचा रोध खालच्या सर्व स्वरांच्या वाटेवर असतो. खालून सुरुवात केली, तर वरचा स्वर हलवताच खालचे सगळे स्वर बिघडतात.

धारित्राच्या चुकीचा परिणाम मात्र वेगळा होतो. त्याचे मूल्य दहा टक्क्यांनी जास्त निघाले, तर २४० हर्ट्झचा षड्ज सुमारे २१८ हर्ट्झवर येतो. पण त्याच्याबरोबर सर्वच स्वर त्याच प्रमाणात उतरतात आणि त्यांचे परस्परांतील नाते जसेच्या तसे राहते. गायक आपल्या गळ्याला पेलेल तो षड्ज धरतो. त्याप्रमाणे या वाद्यानेही आपला षड्ज धरला, एवढाच त्याचा अर्थ.

> पाठगत प्रश्न २
> (अ) योग्य पर्याय निवडा.
> १. रोध वाढवला की स्वर (चढतो / उतरतो / बंद होतो).
> २. स्वर लावण्यास (मध्य षड्जापासून / पंचमापासून / तार षड्जापासून) आरंभ करावा.
> (आ) कारण द्या. धारित्राचे मूल्य चुकले तरी वाद्य बेसूर होत नाही.

५. अडचण सांगण्याची रीत

वाद्य पहिल्याच जोडणीत वाजेल असे नाही. येथे जाणत्या माणसांची मदत लागते. ही मंडळी मदतीला तयार असतात. मात्र विचारणाऱ्याने प्रश्न नीट विचारावा, अशी त्यांची अपेक्षा असते. "माझे वाद्य चालत नाही, काय करू?" या प्रश्नाला कोणीही उत्तर देऊ शकत नाही. वैद्याकडे जाऊन "मला बरे वाटत नाही" एवढेच सांगावे, तसे ते होते.

याउलट पुढील प्रश्न पाहा : "आयसीच्या आठव्या आणि पहिल्या पिनेमध्ये ९ व्होल्ट मिळतात. वरच्या पाच पट्ट्या ठीक वाजतात. गंधाराची पट्टी दाबली की मध्यमच ऐकू येतो. ऋषभ आणि षड्ज किंचित चढे लागतात. सर्व जोडणी ब्रेडबोर्डवर आहे." या प्रश्नातच उत्तराची वाट दडलेली आहे. गंधार आणि मध्यम एक झाले, म्हणजे त्यांच्यामधला रोधक असून नसल्यासारखा आहे. त्याच कारणाने त्याच्या पलीकडचे ऋषभ आणि षड्ज चढे आहेत. ब्रेडबोर्डवर एका ओळीतील पाच छिद्रे आतून एकमेकांना जोडलेली असतात. रोधकाचे दोन्ही पाय चुकून एकाच ओळीत खोचले गेले, की वीज त्याला वळसा घालून जाते. एक पाय शेजारच्या ओळीत हलवला की दोष दूर होतो. समोर वाद्य नसतानाही जाणकाराला हे सांगता येते, ते केवळ प्रश्न विचारणाऱ्याने डोळसपणे पाहिले आणि पाहिले तेवढेच लिहिले म्हणून.

हौशी मंडळींमध्ये आणखी एक शिस्त आहे. दोष सापडला की तो सर्वांना कळवावा. आयसी उलटी बसवली, धारित्राचे धन-ऋण टोक अदलाबदल झाले, सोल्डरचा सांधा वरून चकाकला पण आतून सुटा राहिला, अशा चुका प्रत्येक जण कधी ना कधी करतो. आपली चूक लपवणारा एकटाच शहाणा होतो. ती सांगणारा दहा जणांचा वेळ वाचवतो. येथे पदवीपेक्षा केलेल्या कामाला मान असतो. शाळा अर्धवट सुटलेला कारागीर आणि अभियंता एकाच आकृतीवर वाद घालू शकतात आणि निर्णय शेवटी मापक यंत्राचा काटा देतो.

६. षड्ज कोणाचा?

तयार कीबोर्ड दुकानात मिळत असताना एवढा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे एक उत्तर आपल्या संगीतातच आहे.

हार्मोनियमची आणि बहुतेक तयार कीबोर्डची रचना सप्तकाचे बारा समान भाग पाडून केलेली असते. त्या रचनेत षड्ज २४० असताना गंधार सुमारे ३०२.४ हर्ट्झवर येतो. तंबोऱ्याशी मिळणारा गंधार मात्र ३०० वर आहे. फरक थोडा वाटतो. परंतु दोन्ही गंधार एकत्र वाजवले, तर सेकंदाला दोनहून अधिक वेळा आवाज लहान-मोठा होताना ऐकू येतो. तयार कान तो फरक लगेच टिपतो. स्वरांच्या अशा बांधणीबद्दलच्या आणि मींड निघत नसल्याबद्दलच्या आक्षेपांमुळे आकाशवाणीने १९४० साली हार्मोनियमला मनाई केली. ती १९७१ मध्ये काही अंशी शिथिल झाली.

या प्रश्नावर महाराष्ट्रात हौशी मंडळींनीच उपाय शोधू पाहिला. निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींची मोजदाद करून १९१० मध्ये त्यावर इंग्रजी पुस्तक लिहिले. ई. क्लेमेंट्स या संगीतप्रेमी ब्रिटिश अधिकाऱ्याच्या सहकार्याने श्रुती-हार्मोनियमही तयार झाले. ते सर्वांना पटले नाही. पंडित विष्णू नारायण भातखंडे यांच्यासारख्या विद्वानांनी त्यावर आक्षेप घेतले. अलीकडे डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींचे हार्मोनियम घडवून तोच शोध पुढे नेला. बंगळूरचे अभियंता व बासरीवादक जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक श्रुतिपेटी आणि तंबोरा घडवले. रियाजाला तंबोऱ्याची साथ मिळण्यासाठी अनेक विद्यार्थ्यांना त्यांचा आधार झाला.

यांतील कोणीही तयार वस्तूपुढे हात टेकले नाहीत. ज्याने वाद्य घडवले, त्याने त्यातील स्वर ठरवले. वाजवणारा ते निमूटपणे स्वीकारतो. स्वतः वाद्य जोडणाऱ्याच्या हाती मात्र ती किल्ली असते. आठ पट्ट्यांच्या त्या साध्या वाद्यात छोटा रोधक किंचित फिरवला, की गंधार ३०२ वरून ३०० वर येतो आणि तंबोऱ्यात मिसळून जातो. तो क्षण ज्याने एकदा अनुभवला, त्याला यंत्राची भीती उरत नाही. त्यानंतर कोणी नवखा आपली न वाजणारी जोडणी घेऊन आला, तर त्याच्याशेजारी बसून सांधे तपासणे हे त्याचेच काम ठरते. कारण त्याच्याही शेजारी कोणीतरी बसले होते.

शब्दार्थ

रोधक – विजेच्या प्रवाहाला अडथळा करणारा घटक. धारित्र – विद्युतभार साठवणारा घटक. परिपथ – वीज वाहण्यासाठी केलेली जोडणी. आंदोलक – नियमित कंप निर्माण करणारा भाग. षड्ज – सप्तकातील पहिला स्वर, सा. गज – सारंगी वाजवण्याची कमान. मींड – एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणे.

भाषाभ्यास

'रोधक जोडावा', 'बटण बसवावे', 'मोठे यंत्र हाती घेऊ नये' ही वाक्ये पाहा. कर्तव्य किंवा योग्यता दाखवणाऱ्या अशा क्रियापदांच्या रूपास विध्यर्थ म्हणतात. कृती सांगणाऱ्या लेखनात विध्यर्थामुळे सूचना स्पष्ट होते आणि भाषेतील सौजन्यही टिकते. पुढील आज्ञार्थी वाक्ये विध्यर्थी करा : १. बॅटरी शेवटी जोड. २. सोल्डरिंगनंतर हात धू. ३. खिडकी उघडी ठेव.

तुम्ही काय शिकलात?

- रोधक व धारित्र यांच्या मूल्यांवरून आंदोलकाची कंपसंख्या ठरते.
- आंदोलक, गाळणी, वर्धक आणि आवरण हे सिंथेसायझरचे मुख्य भाग आहेत.
- नेमके निरीक्षण मांडणाऱ्या प्रश्नालाच उपयोगी उत्तर मिळते.
- वाद्य घडवणारा त्यातील स्वर ठरवतो. म्हणून घडवण्याचे ज्ञान महत्त्वाचे आहे.

पाठांत प्रश्न

१. 'बाजाराने वस्तू दिली आणि मंडळाने ज्ञान दिले' हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
२. तबला आणि सारंगी यांच्या नादातील फरक आवरणाच्या संदर्भात सांगा.
३. पाचव्या परिच्छेदातील दोन प्रश्नांची तुलना करा. दुसरा प्रश्न चांगला का ठरतो?
४. वाद्याच्या सर्व पट्ट्या सारख्याच प्रमाणात उतरल्या आहेत. दोष कोठे असावा? सकारण लिहा.
५. तुमच्या घरातील एखादे उपकरण बिघडले आहे अशी कल्पना करा. दुरुस्ती करणाऱ्यास कळवण्यासाठी सहा-सात ओळींचा मजकूर लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) १. १९६९ २. थेरेमिन. (आ) हौशी माणसाला वस्तू आणि ज्ञान या दोन गोष्टींची गरज असते.

२. (अ) १. उतरतो २. तार षड्जापासून. (आ) कारण सर्व स्वर एकाच प्रमाणात चढतात वा उतरतात आणि त्यांचे परस्परांतील नाते कायम राहते.